झोपलेला एचआयव्ही आणि फ्लास्कमधल्या पेशी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात लिहिलं होतं की एचआयव्हीच्या रोजच्या गोळीने, म्हणजे एआरटीने, व्हायरल लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) सापडेनासा होतो पण व्हायरस शरीरातून पूर्ण जात नाही. त्यावर बरीच पत्रं आली, मेसेज आले, आणि बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर होता, की हा लपलेला व्हायरस असतो कुठे आणि लॅबमध्ये त्याचा अभ्यास करतात तरी कसा. म्हणून या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. काहींनी नाव छापू नका म्हणून सांगितलं होतं, मग कोणाचंच छापलं नाही.

प्रश्न : मी बरीच वर्षं एआरटी घेतोय, व्हायरल लोड ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ येतो. व्हॉट्सॲपवर बातमी फिरतेय की लॅबमध्ये एका औषधाने लपलेला एचआयव्ही जागा करून मारला. हे औषध आपल्याकडे कधी येणार? आणि तोपर्यंत गोळ्या थोडे दिवस बंद करून बघितल्या तर चालतील का?
एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते कारण त्याला थांबून चालणार नाही. नाही, गोळ्या बंद करू नका, चार दिवससुद्धा नको. गोळी थांबली की बहुतेकांच्या रक्तात दोन ते चार आठवड्यांत व्हायरस परत दिसायला लागतो. ‘स्मार्ट’ नावाचा एक मोठा अभ्यास झाला होता, ५,४७२ लोकांचा, त्यात एका गटाने औषध सलग चालू ठेवलं आणि दुसऱ्या गटाने सीडी४ (एचआयव्ही ज्यांच्यात शिरतो त्या रोगप्रतिकारक पेशींची संख्या) बघून मधे मधे बंद केलं, २००६ मध्ये निकाल आला तेव्हा बंद करणाऱ्यांमध्ये आजारपण आणि मृत्यू दोन्ही जास्त निघाले, आणि नुसते एड्सचे आजार नाहीत तर हार्ट, किडनी, लिव्हरचे पण. तुमचा रिपोर्ट इतका चांगला येतोय तो त्या रोजच्या गोळीमुळेच येतोय.

आता व्हायरस असतो कुठे. एचआयव्ही सीडी४ पेशीत शिरला की स्वतःच्या आरएनएची डीएनए कॉपी बनवतो आणि ती आपल्या डीएनएमध्ये घुसवून देतो, ती तिथून परत निघत नाही. बहुतेक पेशी त्यानंतर व्हायरस बनवत बनवत मरतात. पण थोड्या पेशी नेमक्या त्याच सुमारास विश्रांतीत जातात, मेमरी सेल बनतात, म्हणजे जुन्या इन्फेक्शनची आठवण ठेवून वर्षानुवर्षं शांत बसणाऱ्या पेशी, आणि पेशी शांत झाली की तिच्यातला व्हायरसही शांत होतो. तो काही बनवतच नाही त्यामुळे इम्युनिटीला दिसत नाही, आणि गोळ्या तर व्हायरसच्या चालू कामात खोडा घालतात, काम बंदच असेल तर गोळी तरी काय करणार. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिलं की औषध नीट घेणाऱ्यांच्या रक्तातही अशा पेशी टिकून राहतात. विश्रांतीतल्या दहा लाख सीडी४ पेशींमागे साधारण एक, जिच्यातून खरा, पसरू शकणारा व्हायरस बाहेर काढता येतो. हा साठा निम्मा व्हायला साधारण ४४ महिने लागतात, त्या हिशोबाने पूर्ण संपायला साठ वर्षांच्या वर, म्हणून गोळी आयुष्यभर.

राहिली बातमी. अशी बातमी आली की एकच गोष्ट विचारायची, हे कुठल्या पेशीत झालं? फ्लास्कमध्ये वाढवलेल्या सेल लाइनमध्ये (लॅबमध्ये सतत वाढत राहणाऱ्या एकाच घराण्यातल्या पेशी), निरोगी माणसाच्या रक्तातल्या पेशींना लॅबमध्ये इन्फेक्शन देऊन, का एआरटीवर असलेल्या खऱ्या माणसाच्या पेशींमध्ये? तिघांचा अर्थ फार वेगळा आहे, आणि बातमीत हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. आजच्या घडीला झोपलेला व्हायरस काढून टाकणारं मान्यता मिळालेलं एकही औषध जगात कुठेच नाही, त्यामुळे ते आपल्याकडे कधी येणार याची तारीख कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

प्रश्न : आमच्या मॅडमनी एसीएच-२, यू१ आणि जे-लॅट अशी नावं सांगितली आणि या मुळात कॅन्सरच्या पेशी आहेत म्हणाल्या. एचआयव्हीचा अभ्यास कॅन्सरच्या पेशीत का करतात? आणि व्हायरस गप्पच असेल तर तो पेशीत आहे हे कळतं कसं?
बीएस्सी मायक्रोबायोलॉजीची विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : तुझा दुसरा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण या सगळ्या संशोधनाची अडचण त्या एका प्रश्नात आहे. पण क्रमाने घेऊ.

खऱ्या विश्रांतीतल्या सीडी४ पेशी बाहेर काढून फ्लास्कमध्ये ठेवल्या तर त्या वाढत नाहीत, थोड्या दिवसांत मरायला लागतात. प्रयोग करायचा, परत करायचा, शंभर औषधं तपासायची तर पेशी भरपूर लागतात आणि रोज सारख्याच लागतात. कॅन्सरच्या पेशी थांबतच नाहीत. जर्कट नावाच्या पेशी १९७० च्या दशकात ल्युकेमिया झालेल्या एका १४ वर्षांच्या मुलाच्या रक्तातून आल्या आणि आजही जगभर वाढतायत. आरपीएमआय मीडिया (पेशी वाढवायचं पोषक द्रव), त्यात १० टक्के सीरम, ३७ डिग्री, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, एवढं दिलं की एक-दीड दिवसात दुप्पट. त्या फ्लास्कच्या तळाला चिकटत नाहीत, मीडियात तरंगत राहतात, मायक्रोस्कोपखाली गोल चमकदार दिसतात, वाढल्या की गुलाबी मीडिया पिवळट पडायला लागतो तेव्हा पॅसेज करायचा, म्हणजे थोड्या पेशी नव्या मीडियात घालायच्या. तो मुलगा कोण होता हे आपल्याला माहीत नाही, पण त्याच्या पेशींवर किती जणांचं काम उभं राहिलंय याची जाणीव हातात फ्लास्क घेताना असावी असं मला मनापासून वाटतं.

एसीएच-२ आणि यू१ या सगळ्यात जुन्या. १९८७ मध्ये यू१ आणि १९८९ मध्ये एसीएच-२, दोन्ही अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत फोक्स, फाउची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केल्या, हेच ते फाउची जे कोरोनात रोज टीव्हीवर दिसायचे. पद्धत अशी की पेशींना एचआयव्हीचं इन्फेक्शन द्यायचं, बऱ्याचशा मरतात, ज्या जगतात त्या एकेक वेगळ्या करून वाढवायच्या आणि बघायचं की कुठल्या पेशीत व्हायरसचा डीएनए आहे पण बाहेर काही येत नाही. मग त्यांना टीएनएफ-अल्फा द्यायचं, म्हणजे सूज आली की शरीर जे सिग्नल सोडतं त्यातलंच एक, आणि व्हायरस बाहेर पडायला लागतो का ते मोजायचं. एसीएच-२ टी पेशींच्या घराण्यातली, यू१ मोनोसाइटसारख्या पेशींच्या.

आता जे-लॅट. ही कशी बनवली हे नीट समजून घे कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन इन्स्टिट्यूटमध्ये एरिक व्हर्डिन यांच्या लॅबमध्ये २००३ मध्ये हे काम झालं. त्यांनी एचआयव्हीत दोन बदल केले. एक, बाहेरचं आवरण बनवणारं एन्व्ह जीन बिघडवलं म्हणजे व्हायरस एकदा शिरला की पुढे पसरू शकणार नाही. दोन, नेफ जीनच्या जागी जीएफपी बसवलं, जेलीफिशमधलं ते हिरवं चमकणारं प्रोटीन. म्हणजे व्हायरस जागा असेल तर पेशी हिरवी, नाहीतर नाही. जर्कट पेशींना हे इन्फेक्शन दिलं, काही दिवसांनी सेल सॉर्टरमधून हिरव्या सगळ्या बाजूला काढल्या आणि ज्या हिरव्या नाहीत त्या ठेवल्या. आता या न चमकणाऱ्या ढिगात दोन प्रकारच्या पेशी मिसळलेल्या आहेत, ज्यांच्यात व्हायरस कधी गेलाच नाही त्या आणि ज्यांच्यात गेला पण झोपला त्या, आणि नुसतं बघून या दोन ओळखताच येत नाहीत. मग त्या ढिगाला टीएनएफ-अल्फा दिलं. थोड्याशाच पेशी हिरव्या झाल्या. त्या म्हणजे झोपलेल्या! त्या एकेक करून उचलल्या, वेगवेगळ्या वाढवल्या, टीएनएफ काढून घेतल्यावर त्या परत शांत झाल्या, आणि त्यांना नंबर पडले, ६.३, ८.४, ९.२, १०.६, १५.४. म्हणजे कळतं कसं तर उठवूनच कळतं. यातली खोच लक्षात घे, जी पेशी टीएनएफने उठलीच नाही ती या पद्धतीत कधी हाती लागलीच नाही. म्हणजे जे-लॅट ही मुळातच उठू शकणाऱ्यांमधून निवडलेली आहे.

मला स्वतःला हा प्रयोग करायला फार आवडतो. संध्याकाळी प्लेटमध्ये औषध टाकायचं, दुसऱ्या दिवशी फ्लो सायटोमीटरवर (पेशींचा रंग एकेक करून मोजणारं यंत्र) लावायचं, आणि स्क्रीनवर डावीकडे गोळा झालेल्या ठिपक्यांमधून काही ठिपके उजवीकडे सरकलेले दिसतात, तेवढे टक्के व्हायरस जागा झाला. स्वस्त, एका दिवसात निकाल, आणि बीएसएल-३ ची, म्हणजे कडक सुरक्षेच्या लॅबची, गरज पडत नाही. हजारो औषधं चाळायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

पण या पेशींमधला व्हायरस गप्प का आहे हे विचारलं पाहिजे आणि इथे बरेच लोक घाई करतात. एचआयव्हीचं टॅट नावाचं एक प्रोटीन असतं, ते व्हायरसच्या आरएनएच्या सुरुवातीला असलेल्या टार नावाच्या गाठीवर जाऊन बसतं आणि पेशीची कॉपी करणारी यंत्रणा तिथे खेचून आणतं, मग आरएनए धडाधड बनतो, अजून टॅट बनतं, अजून आरएनए. १९९० च्या दशकात लक्षात आलं की एसीएच-२ मधल्या व्हायरसच्या टारमध्येच म्युटेशन आहे आणि यू१ मधल्या व्हायरसचं टॅट सदोष आहे. म्हणजे तिथला व्हायरस गप्प बसला तो मोडका होता म्हणून! माणसाच्या शरीरात व्हायरस झोपतो तो पेशी झोपते म्हणून. एसीएच-२ बद्दल नंतर अजून एक गोष्ट निघाली, की त्यातून सुटणारा थोडा थोडा व्हायरस फ्लास्कमध्येच नव्या पेशींना लागत राहतो, त्यामुळे पॅसेज वाढत गेले की ती पूर्वीची लाइन तशीच राहत नाही.

जे-लॅटमध्ये टॅट-टार ठीक आहे, पण तिथे अडचण वेगळी. प्रत्येक क्लोनमध्ये (एकाच पेशीपासून वाढवलेल्या लाइनमध्ये) व्हायरस आपल्या डीएनएच्या एकाच ठरलेल्या जागी बसलाय. माणसाच्या शरीरात तो अक्षरशः असंख्य जागी बसलेला असतो आणि जागेप्रमाणे त्याची झोप गाढ किंवा सावध असते. एकाच कणसातलं बी अख्ख्या रानात पेरलं आणि त्यावरून तालुक्यातल्या ज्वारीबद्दल बोललं तर जे होईल ते इथे होतं. १०.६ हा क्लोन तर बाकीच्या भावंडांपेक्षा पटकन उठतो, त्यामुळे एखाद्या पेपरमध्ये फक्त १०.६ वापरला असेल तर मी लगेच सावध होते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जर्कट कधी विश्रांती घेतच नाही. व्हायरसला उठायला एनएफ-कॅपा-बी आणि पी-टेफ-बी असे पेशीचेच घटक लागतात. विश्रांतीतल्या खऱ्या पेशीत पहिला केंद्रकाच्या बाहेर अडकवून ठेवलेला असतो आणि दुसरा तर फारसा नसतोच. वाढत्या कॅन्सरच्या पेशीत ही तयारी आधीच बरीच झालेली असते, त्यामुळे तिथे व्हायरसला उठवायला एक धक्का पुरतो. सेमिनारमध्ये हे तीन मुद्दे मांडलेस तरी भरपूर झालं.

प्रश्न : मी विज्ञान शिकवायचो, आता निवृत्त आहे. एवढी उसनवारी करण्यापेक्षा सरळ पेशंटच्याच पेशी घेऊन प्रयोग का करत नाहीत?
निवृत्त शिक्षक, चिपळूण

उत्तर : सर, करतात, पण आधी गणित बघा. दहा मिली रक्तातून साधारण एक कोटी पांढऱ्या पेशी हाताला लागतात, म्हणजे प्रयोगाला लागणाऱ्या लिम्फोसाइट आणि मोनोसाइट. त्यातल्या विश्रांतीतल्या सीडी४ धरा तीस-चाळीस लाख. दहा लाखाला एक या हिशोबाने आपल्याला हव्या त्या पेशी तीन किंवा चार! आणि त्या कुठल्या हे बाहेरून ओळखायची काहीच खूण नाही.

म्हणून जॉन्स हॉपकिन्सच्या रॉबर्ट सिलिचियानो यांच्या लॅबमधून जी पद्धत आली, व्हायरल आउटग्रोथ ॲसे, तिच्यात एका माणसाचं दीड-दोनशे मिली रक्त लागतं. त्यातून विश्रांतीतल्या सीडी४ वेगळ्या करायच्या, प्लेटच्या खणांत घालायच्या, पहिल्या खणात जास्त, पुढच्यात पाचव्या हिश्शाने कमी, असं उतरत जायचं. सगळ्यांना पीएचएसारख्या द्रव्याने जोरात उठवायचं आणि निरोगी माणसाच्या पेशी सोबत घालायच्या म्हणजे एका पेशीतून व्हायरस सुटला तर त्याला पसरायला जागा मिळेल. दोन-तीन आठवडे मीडिया बदलत, नव्या पेशी घालत थांबायचं आणि शेवटी पी२४ हे व्हायरसचं प्रोटीन कुठल्या खणांत सापडतं ते बघून मागे हिशोब करायचा की मुळात किती होत्या. बीएसएल-३ लॅब, अंगावर गाऊन, दोन हातमोजे, तासन्तास. बरं एवढं करूनही आकडा कमीच येतो, कारण एकदा जोरात उठवूनसुद्धा सगळे उठत नाहीत. २०१३ मध्ये याच गटाने असे न उठलेले २१३ व्हायरस तपासले, बरेचसे मोडके निघाले पण साधारण १२ टक्के अगदी धडधाकट होते, म्हणजे आज नाही उठले तर उद्या उठू शकणारे.

त्यामुळे मधली एक वाट काढली गेली आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. निरोगी माणसाने दिलेल्या रक्तातून सीडी४ पेशी घ्यायच्या आणि लॅबमध्ये त्यांच्यात झोपलेलं इन्फेक्शन तयार करायचं. हे करायच्या पद्धती अनेक. युटामध्ये बॉस्के आणि प्लानेयेस यांनी २००९ मध्ये कोवळ्या सीडी४ पेशींना मेमरी पेशींच्या वाटेवर नेऊन मग इन्फेक्शन दिलं. सिलिचियानोंच्या लॅबमध्ये पेशींत बीसीएल-२ हे न मरू देणारं जीन घातलं म्हणजे त्या आठवडेच्या आठवडे शांत राहून टिकतात. मेलबर्नला शॅरन लुइन यांच्या गटाने अजून वेगळं केलं, पेशीला उठवलंच नाही, लिम्फ नोडमध्ये असतो तो सीसीएल१९ सिग्नल दिला आणि विश्रांतीतल्याच पेशीत व्हायरस शिरवला. प्रत्येकाची झोपेची कल्पना थोडी वेगळी आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल, एक म्हणतो जागी पेशी झोपली की व्हायरस झोपतो, दुसरा म्हणतो झोपलेल्या पेशीतच तो शिरू शकतो. शरीरात बहुधा दोन्ही होतं.

पुढे दोन रंगांचे व्हायरस आले. एक रंग व्हायरसच्या स्वतःच्या स्विचवर आणि दुसरा कायम चालू राहणाऱ्या वेगळ्या स्विचवर. दोन्ही रंग दिसले तर व्हायरस जागा, फक्त कायमचा रंग दिसला तर व्हायरस आत आहे पण झोपलाय. म्हणजे लातूरच्या विद्यार्थिनीने विचारलेली अडचण, उठवल्याशिवाय ओळखता येत नाही ही, ती इथे सुटली. खर्च आणि वेळ मात्र सेल लाइनच्या कितीतरी पट, आणि रक्त देणारा माणूस बदलला की निकालही थोडा बदलतो.

प्रश्न : माझं मेडिकल स्टोअर आहे. वोरिनोस्टॅट या कॅन्सरच्या औषधाने एचआयव्ही जागा होतो असं वाचलं होतं, नंतर त्याचं काहीच ऐकू आलं नाही. आणि दारू सोडायच्या गोळीनेही होतो म्हणे. काय झालं पुढे?
एक वाचक, अमरावती

उत्तर : तुम्ही म्हणताय ती दोन्ही औषधं खरंच तपासली गेली. आपला डीएनए प्रोटीनभोवती गुंडाळलेला असतो, तो घट्ट गुंडाळला की तिथली जीन्स बंद. एचडॅक नावाची एन्झाइम्स तो घट्ट ठेवायला मदत करतात आणि वोरिनोस्टॅट त्यांना अडवतं. सेल लाइनमध्ये निकाल छान आले. मग २०१२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या डेव्हिड मार्गोलिस यांच्या गटाने एआरटीवर असलेल्या आठ जणांना हे औषध दिलं आणि त्यांच्या विश्रांतीतल्या सीडी४ पेशींत व्हायरसचा आरएनए सरासरी ४.८ पट वाढला. माणसात झोपलेला व्हायरस औषधाने हलवता येतो हे तेव्हा दिसलं, आणि ते छोटं काम नव्हतं. पण साठा कमी झाला नाही. नंतर ब्रिटनमध्ये ‘रिव्हर’ अभ्यासात वोरिनोस्टॅटसोबत लससुद्धा दिली, ६० जण, २०२० मध्ये निकाल, नुसत्या एआरटीवाल्यांपेक्षा साठा काही कमी नाही.

दारू सोडायची गोळी म्हणजे डायसल्फिराम, ती त्या बीसीएल-२ वाल्या पेशींमध्ये औषधं चाळताना सापडली होती. माणसांना देऊन बघितली, व्हायरस थोडाफार हलला, साठा होता तेवढाच. ही गोळी तुमच्या दुकानात असेल, कोणी एचआयव्हीसाठी मागायला आला तर कृपया देऊ नका, तिच्यावर दारू पोटात गेली तर माणूस गंभीर होतो.

असं का झालं याचा एक चांगला पुरावा २०१३ मध्येच आला होता. बऱ्याच लॅब्सनी एकत्र येऊन तीच तीच औषधं वेगवेगळ्या सेल मॉडेल्समध्ये आणि एआरटीवर असलेल्या लोकांच्या पेशींमध्ये एकाच वेळी तपासली. निकाल असा की कुठलंही एक मॉडेल खऱ्या पेशींसारखं तंतोतंत वागत नाही, एका मॉडेलला जे औषध उठवतं ते दुसऱ्याला हलवतही नाही. सगळीकडे बऱ्यापैकी चालले ते पीएचए आणि पीकेसी हे पेशीतलं एन्झाइम चेतवणारी द्रव्यं, म्हणजे पेशीलाच जोरात जागं करणारी, आणि तेवढ्या जोराने माणसाच्या अंगातल्या सगळ्याच टी पेशी जाग्या केल्या तर माणूसच आजारी पडेल. २०१८ मध्ये दोन रंगांच्या व्हायरसने मोजलं तर औषधांनी झोपलेल्या पेशींपैकी ५ टक्केसुद्धा उठत नव्हत्या. त्यातून जे उठले ते मरतातच असंही नाही, त्यांना मारायला किलर पेशी ताज्यातवान्या लागतात.

मला विचाराल तर मॉडेल्सचा यात दोष नाही. एका मॉडेलच्या निकालावर घाईने माणसांपर्यंत जाण्यात दोष आहे, कारण अशा अभ्यासात भाग घेणारा माणूस स्वतःच्या शरीरावर ते औषध झेलत असतो आणि बहुतेक वेळा त्याला स्वतःला त्याचा काहीच फायदा होणार नसतो. आता काही गट उलट दिशेने जातायत, व्हायरसला उठवायचं नाहीच, इतकं गाढ झोपवायचं की औषध थांबवलं तरी उठू नये. डायडीहायड्रो-कॉर्टिस्टॅटिन ए नावाचं टॅटला अडवणारं द्रव्य त्यातलं सगळ्यात जास्त तपासलेलं, पण यू१ मध्ये टॅटच सदोष असेल तर टॅट अडवणारं औषध तिथे तपासून काय कळणार, म्हणजे परत प्रश्न तोच, कुठल्या पेशीत.

प्रश्न : माझी मुलगी एका लॅबमध्ये लागलीय, तिथे एचआयव्ही असलेल्या पेशी हाताळतात. मला रात्री झोप लागत नाही. तिला यातून लागण होऊ शकते का?
एक आई, सातारा

उत्तर : ताई, काळजी वाटणं साहजिक आहे, पण धीर धरा आणि तिला दोन-तीन गोष्टी नक्की विचारा. पहिली, कुठल्या पेशी आहेत. जे-लॅट असतील तर त्यातल्या व्हायरसचं आवरणाचं जीन मोडलेलं असतं, तो एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जाऊ शकत नाही. एसीएच-२ किंवा यू१ असतील तर त्या उठवल्यावर खरा, लागण करणारा व्हायरस सोडतात, तिथे नियम कडक हवेत. दुसरी, काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये होतं का, हातमोजे-गाऊन मिळतात का, आणि सुया व काचेच्या वस्तू टाळतात का, कारण लॅबमध्ये खरी भीती टोचण्या-कापण्याची असते. हवेतून, एका खोलीत बसल्याने, तिचे कपडे घरी धुतल्याने एचआयव्ही लागत नाही, आणि हा व्हायरस बाहेर नाजूक असतो, ब्लीचने लगेच मरतो, कचरा ऑटोक्लेव्ह होतो (दाबाच्या वाफेने निर्जंतुक). तिसरी, चुकून टोचलंच तर काय करायचं हे भिंतीवर लिहिलेलं आहे का. पीईपी नावाचं औषध ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर, खरं तर काही तासांतच सुरू करून २८ दिवस घ्यायचं असतं. या तीन गोष्टींची उत्तरं तिने पटापट दिली तर तिला नीट शिकवलंय असं समजा. उत्तरं आली नाहीत तर तिने लाजायचं नाही, आपल्या मॅडमना किंवा सरांना स्पष्ट विचारायचं, तो तिचा हक्क आहे.

प्रश्न : ही सगळी मॉडेल्स अमेरिकेतली दिसतात. भारतातला एचआयव्ही वेगळ्या प्रकारचा आहे असं ऐकलं. मग हे संशोधन आपल्या लोकांना कितपत लागू पडतं? आपल्याकडे कोणी काम करतं का?
मूळची कोल्हापूरची, सध्या बेंगळुरू

उत्तर : हा प्रश्न मला कोणीतरी विचारावा असं कधीपासून वाटत होतं. एसीएच-२, यू१, जे-लॅट, सगळ्यांमधला व्हायरस सबटाइप (उपप्रकार) बी, म्हणजे अमेरिका-युरोपात जास्त सापडणारा. भारतात ९० टक्क्यांहून जास्त इन्फेक्शन सबटाइप सी चं आहे, आफ्रिकेच्या दक्षिण भागातही तेच, जगातल्या एकूण एचआयव्हीपैकी जवळजवळ निम्मा सी. म्हणजे निम्म्या लोकांचा व्हायरस सोडून आपण बाकीच्यांच्या व्हायरसवर औषधं चाळतोय.

आणि फरक नेमका झोपेच्या स्विचमध्येच आहे. व्हायरसच्या एलटीआर भागात, म्हणजे त्याच्या चालू-बंदच्या स्विचमध्ये, एनएफ-कॅपा-बी बसायच्या जागा असतात, सबटाइप बी मध्ये सहसा दोन, सी मध्ये तीन. तुमच्याच गावात, बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये उदयकुमार रंगा यांच्या लॅबने २०१२ मध्ये दाखवलं की भारतात चार जागा असलेले सी व्हायरसही पसरतायत. मग वाटेल की स्विच जोरदार म्हणजे व्हायरस झोपणारच नाही. पण याच लॅबने २०२० मध्ये जर्कटसारख्या पेशींत काम करून उलटंच दाखवलं, स्विच जितका जोरदार तितकी पेशी लवकर शांत होते, आणि त्यात टॅटचाच हात असतो. सबटाइप बी च्या जे-लॅटवर आयुष्यभर काम केलं असतं तरी हे कळलं नसतं.

पुण्यात भोसरीला १९९२ पासून आयसीएमआरची ‘नारी’ संस्था आहे, आता तिचं नाव बदललंय, तिथे आपल्याकडच्या एचआयव्हीवर मोठं काम झालंय. गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस ही पेशींवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तिथल्या सेल बँकेतून जर्कट, यू९३७ (जिच्यापासून यू१ बनली) अशा मूळ पेशी देशभरच्या लॅब्सना मिळतात, म्हणजे कच्चा माल घरचाच आहे. कमी पडतंय ते सबटाइप सी चा व्हायरस घालून बनवलेल्या आणि सगळ्यांना सहज मिळणाऱ्या झोपलेल्या सेल लाइन्स, त्यातही एक-दोन क्लोन पुरणार नाहीत, वेगवेगळ्या जागी बसलेले बरेच हवेत, आणि त्यांच्या जोडीला आपल्याकडे एआरटीवर असलेल्या लोकांच्या पेशींवर तीच औषधं तपासून बघणं. आपल्याकडे सरकारी एआरटी २००४ पासून मोफत आहे, वीस वर्षं नियमित गोळी घेतलेली माणसं आहेत, नीट समजावून सांगितलं, नाव गुप्त राहील याची खात्री दिली तर त्यातले कितीतरी जण रक्त द्यायला पुढे येतील असं मला त्यांच्या पत्रांवरून वाटतं. सोलापूरच्या वाचकांनी पत्राच्या खाली तसं लिहूनच पाठवलंय.